विंडसर्फिंग: बोर्ड मागून सटकतोय? फिनच्या या चुका टाळा

आमचा नेरुळ-वाशीचा चार-पाच जणांचा ग्रुप आहे, फेब्रुवारी ते मे दुपारचा समुद्रवारा धरला की गाडीवर बोर्ड बांधून पेणमार्गे किहीमला. दर सीझनला कोणीतरी नवीन येतं आणि तक्रार तीच, वारा आहे, शीड बरोबर आहे, पण बोर्ड पळायला लागला की शेपटाकडून एकदम आडवा होतो. मग मास्ट (शिडाचा खांब) पुढेमागे सरकवणार, फूटस्ट्रॅप बदलणार, पण बोर्ड उलटा करून बघत कोणी नाही.

शीड आपल्याला पुढे ओढतं तसं बाजूलाही ढकलतं, आणि ते बाजूचं ढकलणं पाण्यात तोलून धरते ती बोर्डच्या शेपटाखालची फिन. विमानाचा पंख उभा करून पाण्यात लावला असं समजा. त्याच्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त जोर आला की पाणी पात्यावरून सुटतं किंवा वरून हवा खाली ओढली जाते आणि पकड गेली, हाच स्पिनआऊट.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बोर्डसोबत आलेली एकच फिन सगळ्या शिडांना वापरणं. १२० लिटरच्या आसपासच्या फ्रीराइड (रोजच्या मजेच्या) बोर्डला ७.५ चौरस मीटरचं शीड असेल तर साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर, ६.५ ला ३८ च्या आसपास, ५.५ ला ३२-३४ पुरते. वजनदार माणसाने थोडी मोठी घ्यावी. फिन लहान पडली तर प्लेनिंग (बोर्ड पाण्यावर उचलून घसरत पळणं) उशिरा सुरू होतं, अपविंड म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडे चढता येत नाही, जोर दिला की सटकतं. मोठी पडली तर उलटं, गस्ट (वाऱ्याचा झोत) आला की वाऱ्याकडची कड उचलली जाते, नाक वर येतं आणि बोर्ड दाबून ठेवता ठेवता पाय भरून येतात. पण बोर्डला डॅगरबोर्ड (मधोमध खाली-वर होणारं पातं) असेल तर फिनला दोष देण्याआधी तो वर घेतलाय का बघा, प्लेनिंगमध्ये तो खाली राहिला तरी कड अशीच उचलते.

दुसरी चूक पायाची आहे, आणि ती नवीन फिन विकत घेऊन सुटत नाही. बोर्ड पुरता पळायच्या आत मागच्या पायाने फिनला लाथ मारल्यासारखं ढकलू नका, वजन हार्नेसवर (शिडाला अडकवायच्या पट्ट्यावर) द्या, आणि सटकलंच तर मागच्या पायावरचा जोर काढून बोर्ड अंगाखाली ओढून घ्या, पाणी परत चिकटतं. सटकणं एकाच टॅकला (वारा एकाच बाजूने असताना) होत असेल तर फिन तिरकी बसलीय किंवा वाकलीय का ते मागून एक डोळा मिटून बघा.

बॉक्सकडे, म्हणजे बोर्डमधल्या फिन बसवायच्या खाचेकडे, पण लक्ष द्या. प्रकार पॉवर बॉक्स असो की टटल, वाळूचा एक कण राहिला तरी फिन नीट बसत नाही आणि हलणारी फिन पकड सोडते. हाताने धरून हलवून बघा, स्क्रू हातानेच आवळा, ड्रिल मशीन लावून बॉक्स तडकवू नका. यूएस बॉक्समध्ये फिन पुढेमागे सरकते, मागे घेतली की बोर्ड सरळ धरतो, पुढे घेतली की सहज वळतो.

आपल्याकडे पाण्यात प्लास्टिक पिशव्या आणि शेवाळ इतकं, की उभ्या फिनवर काहीतरी अडकणारच. वीड फिन मागे कललेली असते म्हणून कचरा घसरून जातो, माझ्या मते किनाऱ्याजवळ ही एक फिन जवळ असायलाच हवी. फक्त सेंटिमीटर बघून तुलना करू नका, ती बुटकी दिसली तरी बुडाशी रुंद असते, क्षेत्रफळ बघा.

ठाणे खाडी घराजवळ म्हणून तिथे उतरायचा मोह होतो पण तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, जाळ्यांचे खुंट आहेत, आणि ओहोटीला लांबपर्यंत चिखल उघडा पडतो. किहीमला जाताना पण तिथी बघून निघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी इतकं खाली जातं की ४५ ची फिन खडकाला लागते, अष्टमीच्या आसपास भांगेला (कमी भरती-ओहोटीला) पाणी कमी उतरतं.

फिन लागली असेल तर पुढच्या धारेवरून नख फिरवा. नख अडकलं की तिथून हवा शिरणार. खोल खाच इपॉक्सीने भरा, मग ४०० आणि ६०० च्या वॉटरपेपरने ओलं घासा, पण पुढची धार गोलसरच ठेवायची, सुरीसारखी करायची नाही. पळताना फिन गुणगुणत असेल तर दोष बहुतेक मागच्या धारेत असतो, तिथे थोडं घासून बघा. बऱ्याच फिन जी१० च्या असतात, जी१० म्हणजे काच आणि रेझिन, त्याची धूळ फुप्फुसात जाते, त्यामुळे मास्क लावा आणि कोरडं अजिबात घासू नका, सोसायटीच्या गच्चीवर मुलं खेळत असतील तर तिथे तर नाहीच.