वांग्याची मर आटोक्यात आली, ती अशी

मुरबाडला भात निघाला की आम्ही वांगी लावतो. फुलावर आलेली हिरवीगार झाडं भर दुपारी माना टाकायची आणि दोन-चार दिवसांत उभी वाळायची; यालाच मर रोग म्हणतात. बुरशीच्या मरीत पानं सहसा आधी पिवळी पडतात; इथे ती पडत नव्हती, तिथेच शंका आली. बुडाजवळचं खोड कापलं आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक जेमतेम बुडेल असं धरलं. थोड्याच वेळात कापातून दुधाळ धागा खाली उतरू लागला. म्हणजे बुरशी नव्हे, राल्स्टोनिया नावाचा जिवाणू. तो मुळांच्या जखमांतून शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद करतो. मग कितीही पाणी द्या, झाड तहानलेलंच. बुरशीनाशक आणण्याआधी ही परीक्षा प्रत्येकाने करावीच.

मेलेली झाडं मुळासकट उपटून जाळली. त्या तुकड्यातलं पाणी पुढच्या वाफ्यांत जाऊ नये म्हणून वेगळा चर काढला. टोमॅटो-मिरचीलाही हाच रोग लागतो, म्हणून तिथे मका घेतला. नंतर बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेचं ‘अर्का निधी’ हे मर सोसणारं वाण लावलं, काही ओळी रानवांग्याच्या खुंटावरच्या कलमी रोपांच्या. खुरपं मुळांपासून लांब ठेवलं. आता तुरळक झाड जातं, तोडा नियमित होतो. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे फेरपालट चालूच ठेवणार आहे.