उभ्या गाडीची बॅटरी कोण पितंय?

जुळे सोलापुरातल्या आमच्या दारात शनिवारी उभी केलेली जुनी मारुती 800 मंगळवारी सेल घेईना. दुकानदार म्हणाला, नवी बॅटरी टाका. टाकली. पुढच्या मंगळवारी पुन्हा धक्का! म्हणून सांगतो, खिशात हात घालण्याआधी मल्टिमीटरनं (व्होल्ट आणि करंट मोजणारं मीटर) मोजा.

बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर निगेटिव्ह वायर काढून ठेवा. सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी धडधाकट. वायर सोडवूनही 12.2 च्या खाली गेली, तर तीच गेली. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्या लवकर म्हाताऱ्या होतात.

आता करंट. चावी काढा, दिवे बंद करा. फ्यूज डॅशबोर्डखाली असल्यानं दार उघडं लागतं, तेव्हा चौकटीतलं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवा, नाहीतर आतला दिवाच मोजत बसाल. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला. 10 नंबरच्या पान्यानं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मीटरचं एक टोक सुट्या वायरला, दुसरं बॅटरीच्या खुंटाला. या अवस्थेत सेल मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. कॉम्प्युटरवाली गाडी असेल तर अर्धा तास थांबा, तिला झोपायला वेळ लागतो.

0.05 अँपिअरपर्यंत चालतं. माझ्याकडे 0.38 दिसलं. म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-तास, आणि बॅटरी 35 ची!

मग एकेक फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, परत लावायचा. माझा आकडा टेपच्या फ्यूजला धाडकन खाली आला. टेप बसवणाऱ्यानं पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीवर दिली होती. पिवळी कायम चालू असते, लाल चावीबरोबर बंद व्हायला हवी. लाल वेगळी करून चावीच्या लाईनवर जोडली, आकडा 0.02. बहुतेकदा दोष असा नंतर बसवलेल्या वस्तूतच निघतो: टेप, सेंट्रल लॉक, रिव्हर्सचा भोंगा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर ऑल्टरनेटरचा (इंजिन चालताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र) डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, तपासा. बॅटरी पूर्ण सोडवून त्याची जाड वायर काढा, टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, पुन्हा मोजा.

काम झालं की मीटरची लाल वायर आठवणीनं व्होल्टच्या भोकात परत घाला. मी विसरलो आणि तशीच टोकं बॅटरीला लावली. ठिणगी उडाली, मीटरचा फ्यूज गेला.