फोटोतल्या रुळांवरून आजोबांचं युनिट शोधताना

नाशिकरोड, इगतपुरी, मनमाड या पट्ट्यात रेल्वेवाल्यांची घरं पुष्कळ. एखाद्या ट्रंकेतून गणवेशातला जुना फोटो निघतो आणि सोबत घरात एवढंच ठाऊक असतं, की पणजोबा किंवा आजोबा 'लढाईत रेल्वेवर होते'. अशा वेळी लगेच नाव शोधायला बसू नका. आधी जागा, मग युनिट, नाव सगळ्यात शेवटी. उलटं केलं की त्याच नावाची भलतीच माणसं हाती लागतात आणि महिने वाया जातात.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकटच त्याचा कॅमेऱ्याने फोटो घ्या. सुटा असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा, पोस्टकार्डापेक्षा लहान असेल तर १२०० ला, आणि टिफ या फाइल फॉरमॅटमध्ये ठेवा. मागची बाजूही स्कॅन करा. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका, पुसलेल्या पेन्सिलीचे दाब आणि स्टुडिओचा उठावाचा शिक्का दिसू लागतो. शिक्का देवळाली कॅम्पचा असला तरी नेमणूक तिथलीच होती असं धरू नका. देवळालीला ट्रान्झिट कॅम्प होता, ये-जा करणारी माणसं तिथे थांबत.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही बघा. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, पदकं डाव्या छातीवर असतात.

खरा पुरावा रुळांत असतो. इंजिन समोरून घेतलेलं असेल आणि माणूस त्याच्याच रेषेत उभा असेल, तर दोन रुळांमधलं अंतर त्याच्या उंचीशी ताडून बघा. आपल्याकडचं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फुटी माणसाएवढं. स्टँडर्ड गेज १४३५, म्हणजे साधारण खांद्यापर्यंत. मीटरगेज कमरेच्या जरा वर. अंतर कमरेएवढं भरलं तर आसाम, ब्रह्मदेश किंवा बसरा-बगदाद मार्ग मनात आणा. खांद्याएवढं भरलं तर इजिप्त, इराण किंवा बगदादच्या उत्तरेचा मोसूलकडचा मार्ग. मात्र घाई नको: मनमाडहून सिकंदराबादला जाणारी निजामाची लाइनही मीटरगेजच होती. इंजिनाच्या टेंडरवर, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, 'जी.आय.पी.' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आहे की लष्कराचं 'डब्ल्यू.डी.' (वॉर डिपार्टमेंट), ते भिंगाने वाचा.

बाहीवर एक पट्टी लान्सनाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. खांद्यावर 'आर.आय.ई.' वाचता आलं तर फोटो १९४६ किंवा नंतरचा, कारण इंडियन इंजिनिअर्सना 'रॉयल' तेव्हा मिळालं. बाहीवर हत्तीचं डोकं असेल तर ते दुसऱ्या महायुद्धात इराण-इराकमध्ये असलेल्या 'पायफोर्स' या फौजेचं चिन्ह. पदकांच्या रिबिनींचे रंग मात्र कृष्णधवल फोटोवरून ठरवू नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल जवळजवळ काळा येतो आणि निळा फिका. घरात पदक असेल तर कडा बघा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, नाव आणि युनिट कोरलेलं असतं. सैनिकांचं चांदीचं, लेबर कोअरच्या, म्हणजे लष्करी मजूर दलाच्या, माणसांचं ब्राँझचं. ही कड वाचता आली की अर्धं काम झालं.

आता नाव. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट आहे, पण त्यात फक्त मृत्यू पावलेले. तिथे आडनाव नसण्याची शक्यता धरा. वडिलांचं नाव आणि गाव घालून बघा, जिल्हा 'नासिक' अशा जुन्या स्पेलिंगने. माणूस बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्करी इंजिनिअर दलाचा, निघाला तर खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला सर्व्हिस नंबर, वडिलांचं नाव, गाव, अंदाजे वर्षं आणि नात्याचा पुरावा जोडून स्पीड पोस्टाने लिहा. नंबराशिवाय अर्ज सहसा अडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या युनिटांच्या वॉर डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. त्यांत साध्या शिपायांची नावं क्वचितच येतात, पण कंपनी कोणत्या दिवशी कुठे होती ते कळतं.

सैन्यात कुठेच नाव नाही, असंही होतं. मग ते रेल्वेच्याच नोकरीत राहून लष्करासाठी काम करत असतील. घरात पेन्शनचे कागद नाहीत म्हणून निराश होऊ नका: रेल्वेत पेन्शन योजना नोव्हेंबर १९५७ ला आली, त्याआधी प्रॉव्हिडंट फंड होता. तेव्हा फंडाची पावती, पास, बदलीचा हुकूम शोधा. हे कागद बहुधा त्याच ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली असतात.