गेंडे बघायला केनियाला जायचंय? मुंबईहून ओल पेजेटाला कसं जायचं ते सगळं सांगते

आमच्या सोसायटीत आणि ऑफिसात मिळून पाच-सहा जणांनी मला हेच विचारलंय, की मसाई मारा करतोय तर ते गेंडेवालं पण होईल का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते. मी आईला घेऊन गेले होते, तिचं वय ६६, गुडघे दुखतात, तरी सगळं झालं.

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण एजंटलोक हे सांगत नाहीत. केनियात गेंडे बघायच्या बऱ्याच चांगल्या जागा सरकारी नॅशनल पार्क नाहीयेत, त्या खाजगी किंवा ट्रस्टच्या जमिनी आहेत, तिकडे त्याला कन्झर्व्हन्सी म्हणतात. ओल पेजेटा, लेवा, बोराना, सोलिओ ही त्यातली नावं, सगळी माउंट केनियाच्या आसपास. गेंडे सरकारचेच, पण जमीन, कुंपण, रेंजर, कुत्र्यांचं पथक हा सगळा खर्च कन्झर्व्हन्सी उचलते आणि त्यातला मोठा भाग आपल्या तिकिटातून येतो. म्हणूनच तिकीट महाग आहे आणि मसाई मारा किंवा लेक नाकुरू पार्कच्या तिकिटावर इथे एन्ट्री मिळत नाही. साउथ आफ्रिकेत वेगळं आहे, तिथे गेंडे खाजगी मालकीचे असू शकतात, एका माणसाकडे तर २,००० गेंडे होते, ते २०२३ मध्ये आफ्रिकन पार्क्स या संस्थेने घेतले.

मी ओल पेजेटाबद्दलच सांगणार आहे कारण तेच मी बघितलंय आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला तेच सोपं आहे. साधारण ९०,००० एकर जागा, आधी गुरांचं रँच होतं आणि अजूनही बोरान जातीची गुरं तिथे चरतात, झेब्र्याच्या बाजूला गाय बघून आई म्हणाली अगं ही तर आपलीच.

कधी जायचं यात मुंबईकर हमखास चुकतात. मुलांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये आणि नेमका तिकडचा मोठा पाऊस मार्च ते मे, दिवाळीच्या सुट्टीत परत छोटा पाऊस. चिखलात गाडी रुतते, गवत वाढलेलं असतं, प्राणी दिसत नाहीत. जून ते सप्टेंबर बेस्ट, म्हणजे आपल्याकडे धो धो चालू असतं तेव्हा तिकडे कोरडं. जानेवारी-फेब्रुवारी पण छान. शाळेचा प्रॉब्लेम असेल तर गणपतीच्या सुट्टीला चार दिवस जोडून बघा.

तारखा ठरल्या की सगळ्यात आधी यलो फीव्हरची लस. ही कुठल्याही क्लिनिकमध्ये मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या सेंटरलाच मिळते, मुंबईत पोर्ट आणि एअरपोर्टच्या हेल्थ ऑफिसकडे. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, कारण सर्टिफिकेट दहाव्या दिवसापासूनच व्हॅलिड होतं, मग आयुष्यभर चालतं. मी म्हणेन महिनाभर आधीच घेऊन टाका, सुट्ट्यांच्या आधी नंबर लागत नाही. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या वर असेल तर डॉक्टरांशी आधी बोला, आईचं आम्ही तसंच केलं. मग केनियाचा ईटीए, म्हणजे देशात यायची आधी घ्यायची परवानगी, तो ऑनलाइनच होतो, हॉटेलचं बुकिंग आणि रिटर्न तिकीट अपलोड करावं लागतं म्हणून ते आधी करा.

फ्लाइट मुंबई-नैरोबी डायरेक्ट आहे, साधारण सहा तास. नैरोबीहून नान्युकी हे ओल पेजेटाजवळचं गाव २०० किलोमीटर, गाडीने चार तास धरा, वाटेत थिकाजवळ अननसाची शेतं लागतात. नैरोबीच्याच विल्सन एअरपोर्टवरून छोटं विमान पण जातं, पण त्यात सामान फक्त १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत, आपल्या चाकाच्या कडक सुटकेसा चालत नाहीत.

पॅकिंगमध्ये एक खूप महत्त्वाचं. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती कागदावरची नाही, कडक आहे. आपण चकली, शंकरपाळे, ठेपले सगळं पिशव्यांत बांधून नेतो ना, ते सगळं डब्यात भरा, चपला कापडी पिशवीत घाला. जंगलात प्लॅस्टिकची पाण्याची बाटली पण चालत नाही, स्टीलची न्या. आणि स्वेटर, प्लीज स्वेटर न्या! आफ्रिका म्हणजे गरम असं डोक्यात असतं, पण ही जागा साधारण १,८०० मीटर उंचीवर आहे आणि सकाळी सहाला उघड्या गाडीत मुंबईचा माणूस कुडकुडतो. मिलिटरीसारखे हिरवे ठिपक्यांचे कपडे नेऊ नका, ड्रोन पण नाही. प्लग आपल्यापेक्षा वेगळा, जाड चौकोनी तीन पिनवाला, ॲडॅप्टर घ्या. व्हेज जेवणाची काळजी करू नका, चपाती आणि चाय हे शब्द तिकडेही तेच आहेत.

बुकिंग करताना एजंटला एकच गोष्ट ठासून सांगा, दोन रात्री पाहिजेत. आम्हाला दादरच्या एका एजंटने एक रात्र दिली होती, म्हणजे दुपारी तीनला पोचा, एक ड्राइव्ह, सकाळी नाश्ता करून निघा, मी भांडून दुसरी रात्र वाढवून घेतली आणि त्याच दुसऱ्या दिवशी आम्हाला खरं काय ते कळलं. नाजीन आणि फातू या दोन खास गेंड्यांना भेटायचं असेल तर ते वेगळं बुकिंग आहे, वेगळे पैसे, जागा थोड्या, ते इथूनच आधी करून घ्या.

या दोघींबद्दल सांगायलाच पाहिजे. नॉर्दर्न व्हाइट जातीचे जगात आता दोनच गेंडे उरलेत, नाजीन आई आणि फातू मुलगी. २००९ मध्ये चेक रिपब्लिकच्या झूमधून चार जणांना इथे आणलं होतं, त्यातला सुनी २०१४ ला गेला आणि सुदान, म्हणजे नाजीनचा बाप, शेवटचा नर, १९ मार्च २०१८ ला गेला. या दोघींना आता स्वतःला पिल्लू होऊ शकत नाही, म्हणून फातूची अंडी काढून, नरांचं जपून ठेवलेलं वीर्य वापरून लॅबमध्ये भ्रूण बनवतात आणि ते दुसऱ्या जातीच्या, सदर्न व्हाइट मादीत वाढवायचे प्रयत्न चालू आहेत. या दोघींकडे कन्झर्व्हन्सीच्या गाडीतून तिथलाच माणूस आपल्याला आत घेऊन जातो. फातू आमच्यापासून आठ-दहा फुटांवर चरत होती. तिचा ओठ सपाट, रुंद, जमिनीला लागलेला, आणि गवत तोडायचा असा कर्र कर्र एकसारखा आवाज, आमच्या गावच्या गोठ्यात रात्री म्हैस वैरण खायची अगदी तसा. अंगावर वाळलेला चिखल, त्याला भेगा, कानाच्या कडेला केसांची झालर, आणि दोन्ही कान दोन वेगवेगळ्या दिशेला फिरत होते. आई एक शब्द बोलली नाही. मग गाडी वळल्यावर हळूच म्हणाली, हिला माहीत असेल का गं. मला उत्तर देता आलं नाही.

बाकीचे गेंडे मोकळ्या रानात शोधायचे. गाइडला सकाळी लवकर निघायला सांगा. व्हाइट आणि ब्लॅक रंगावरून ओळखू येत नाहीत, दोन्ही राखाडीच, तोंड बघा. व्हाइट गवत खातो, मान खाली, उघड्यावर दिसतो. ब्लॅकचा वरचा ओठ टोकदार, झुडपाची पानं-काटक्या ओढून खातो, म्हणून झाडीत लपलेला असतो आणि तापट असतो. आमच्या गाइडने गेंड्याच्या शेणाचा ढीग दाखवला, त्यात काटक्यांचे तुकडे कात्रीने तिरके कापल्यासारखे होते, म्हणजे ब्लॅक इथून गेलाय, वीस मिनिटांनी तो दिसलाच. गेंड्याला नजर कमी पण वास आणि आवाज पक्का कळतो, म्हणून गाडीत डिओ मारून बसू नका आणि ताडोबात करतो तसं "दिसला, दिसला" ओरडू नका. गाडीतून उतरायचं नाही हे तर आलंच.

गाइडला उत्तरेकडचं कुंपण दाखवायला सांगा. तिथे एका पट्ट्यात तारा नाहीत, नुसते गुडघ्याएवढे खांब जवळजवळ रोवलेत, हत्ती आणि झेब्रे ते पार करून जातात, गेंड्याला मात्र जमत नाही. म्हणजे बाकीच्यांची वाट चालू आणि गेंडा सुरक्षित, किती विचार केलाय बघा. आणि मारलेल्या गेंड्यांचं स्मारक आहे, झाडाखाली दगड, प्रत्येकावर नाव आणि कसा मेला ते. तिथे पंधरा मिनिटं द्या. जगात १९७० ला ६५,००० च्या आसपास ब्लॅक ऱ्हायनो होते, १९९५ पर्यंत अडीच हजारांच्या खाली आले, आता परत ६,००० च्या वर गेलेत, ते अशा जागांमुळे आणि रात्रभर उभ्या राहणाऱ्या रेंजर लोकांमुळे. त्यांच्याशी बोला, "असांते" म्हणजे थँक्यू, गेंड्याला ते किफारू म्हणतात.

फोटो भरपूर काढा पण मोबाइलचं लोकेशन बंद करून, आणि गेंडा कुठे दिसला ते लगेच स्टेटसला टाकू नका. शिकारी लोक हेच शोधत असतात. शिंग म्हणजे नुसतं केराटिन, आपल्या नखात असतं तेच, आणि त्यासाठी जीव घेतात. काही ठिकाणी म्हणूनच शिंग आधीच कापून ठेवतात, ते परत वाढतं, तसा गेंडा दिसला तर पैसे वाया गेले असं वाटून घेऊ नका.

दुसऱ्या देशात दुसरी जागा निवडत असाल तर बुकिंगच्या आधी ईमेल करून विचारा की प्राणी कुठून आले, पिल्लांचं काय करता, शिकारीसाठी विकता का. सिंहाच्या बछड्याला मांडीवर घेऊन फोटो काढा असं जिथे लिहिलंय तिथे अजिबात जाऊ नका, ते बछडे मोठे झाल्यावर त्यांचं काय होतं ते वाचून बघा.

आणि यलो फीव्हरचं कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टच्या आतच ठेवा, परत आल्यावर मुंबईला इमिग्रेशनच्या आधीच हेल्थवाले मागतात आणि नसेल तर सहा दिवस क्वारंटाइनला ठेवू शकतात.