हत्तीरोगाच्या गोळ्यांनी ताप आला? या चुका टाळा

संध्याकाळी गोळ्या घेतल्या, रात्री अंग तापलं, डोकं ठणकायला लागलं. सकाळी वस्तीभर एकच बोलणं: गोळ्यांनी आजारी पाडलं! मग आशाताई दिसल्या की पुढची घरं दारं लावून घेतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या हत्तीरोगाच्या पट्ट्यात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

हा ताप बहुतेक वेळा मरणाऱ्या कृमींमुळे येतो. हत्तीरोगाचे कृमी लसीकावाहिन्यांत (अंगात झिरपलेला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) पाच-सात वर्षं मुक्काम ठोकतात आणि आपल्या प्रतिकारशक्तीला गुंगीत ठेवतात. म्हणून रक्तात त्यांची पिल्लं फिरत असूनही माणूस ठणठणीत दिसतो. गोळीने ही पिल्लं मरतात, आणि त्यांच्या आत राहणारे वोल्बाकिया नावाचे जिवाणूही बाहेर पडतात. तेव्हा कुठे शरीर खडबडून जागं होतं. पिल्लं जितकी जास्त, तितका त्रास जास्त. पॅरासिटामॉल, पाणी, आराम. दोन दिवसांत उतार पडतो. मात्र धाप लागली, भोवळ येऊन माणूस पडला किंवा अंगभर गांधी उठल्या, तर लगेच दवाखाना गाठा.

‘नंतर घेतो’ म्हणून गोळ्या फडताळात ठेवू नका. जेवून, आशाताईंसमोरच गिळा. नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी यांना ती देत नाहीत. ‘मला कुठे काय झालंय?’ म्हणणाऱ्यांनी तर आवर्जून घ्यावीत, कारण डास त्यांच्याच रक्तातून पिल्लं उचलून शेजाऱ्याकडे नेतो.

रक्ताचा थेंब काचेवर घेऊन हत्तीरोगाची तपासणी होते, तिच्यासाठी दुपारी रक्त देऊन निश्चिंत होऊ नका. पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडतात, रात्री दहा ते दोनच्या सुमारास सर्वांत जास्त बाहेर येतात.

काहींच्या शरीरात उलटं घडतं. प्रतिकारशक्ती गाफील नसते, ती पिल्लांवर फुप्फुसातच तुटून पडते. मग रात्री खोकल्याची उबळ, छातीत घरघर. दमा समजून वर्षानुवर्षं पंप चालतो. अशा वेळी रक्तातले इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तीन हजारांच्या वर गेलेत का, हे डॉक्टरांना विचारा. निदान झालं तर डीईसी या हत्तीरोगाच्याच औषधाचा साधारण तीन आठवड्यांचा कोर्स असतो. नुसत्या स्टेरॉइडने खोकला दबतो, कृमी राहतात.

हत्तीरोगाने सुजलेला पाय अचानक लाल, गरम झाला, थंडी वाजली, तर तेल चोळू नका, शेकू नका, पाला बांधू नका. हा बहुधा चिरांतून शिरलेल्या जिवाणूंचा हल्ला असतो आणि त्याला डॉक्टरांचं औषध लागतं. एरवी पाय रोज साध्या पाण्याने, साबणाने धुवा. मऊ फडक्याने टिपताना करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटातली फट उघडून बघा. ओली, पांढरी पडलेली कातडी आणि बारीक चीर बऱ्याचदा तिथेच सापडते.