न्यूरो आयसीयूत (मेंदूच्या पेशंटच्या अतिदक्षता विभागात) नर्स म्हणून नव्याने रुजू होताय?

मेंदूला मार बसतो त्या क्षणी जे नुकसान होतं ते आपल्या हातात नसतं. रक्तदाब पडणं, ऑक्सिजन उतरणं, ताप, फिट, कवटीतली सूज, ही नंतरची दुय्यम इजा मात्र आपण अडवू शकतो. गोव्यात डोक्याला मार लागलेले पेशंट बरेचदा दुचाकीवरचे, तरुण. गोव्याच्या दोन टोकांहून, पेडणे-काणकोणहून, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलपर्यंत येण्यात वेळ जातो, म्हणून पोहोचल्यावरचं प्रत्येक मिनिट मला फार मोलाचं वाटतं.

पहिल्यांदा ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे ते गुणांत मोजायची पद्धत, पक्कं करा. 1974 साली टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलेली ही पद्धत आजही दर तासाला लागते. नुसती ‘9’ अशी बेरीज लिहू नका. डोळे, बोलणं, हालचाल यांचे गुण वेगवेगळे लिहा. पेशंटशी त्याच्या घरच्या भाषेत बोला. कोकणीत ‘दोळे उगड’ म्हटल्यावर डोळे उघडणारा इंग्रजी हुकमाला कधी कधी काहीच दाद देत नाही. गुण दोनने उतरले किंवा एक बाहुली मोठी होऊन टॉर्चला आकसेनाशी झाली, तर चार्ट पूर्ण करत बसू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा.

डोक्यातलं प्रेशर वाढलं की सगळे मॅनिटॉलकडे (सूज उतरवणाऱ्या औषधाकडे) धावतात. त्याआधी गळ्याकडे बघा. श्वासाच्या ट्यूबची टेप किंवा मानेची कॉलर घट्ट असली की मानेच्या शिरा दबतात, रक्त खाली उतरत नाही. टेपखाली बोट सहज सरकलं पाहिजे. मान सरळ, डोक्याकडची बाजू 30 अंश वर. सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) थोडक्यात उरका.

सिस्टॉलिक (वरचा) रक्तदाब 90 म्हणजे ठीक, ही समजूत सोडा; 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत तरुणांसाठी किमान 110 सांगितलंय. कवटीतलं प्रेशर 22 च्या वर गेलं की उपचार सुरू. हे प्रेशर मोजणारा मॉनिटर नसला म्हणून खचू नका. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या 2012 च्या अभ्यासात तपासणी आणि सीटी स्कॅनवर सांभाळलेल्या पेशंटची स्थिती मॉनिटर लावलेल्यांपेक्षा वाईट निघाली नाही. तिथल्या नर्स आणि डॉक्टरांनी किती बारकाईने लक्ष ठेवलं असेल, याचा विचार करा. स्टिरॉइड मात्र डोक्याच्या इजेत नको. 2004 च्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू वाढल्याचं दिसलं.

सगळ्यात जड काम दाराबाहेर असतं. कवटीचं हाड काढून सुजेला जागा देणारं ऑपरेशन जीव वाचवतं, पण 2016 च्या रेस्क्यू-आयसीपी चाचणीत वाचलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्यांवर अवलंबून राहिले. घरचे विचारतात, ‘सिस्टर, वाचतलो मगो?’ पहिल्या तीन दिवसांत ना खोटी आशा द्या, ना आशा तोडा. आज काय दिसलं तेवढं सांगा, बाकीचं डॉक्टरांसोबत बसून. आणि घरी सांभाळणारं कोण आहे, हे तेव्हाच विचारून ठेवा. कूस बदलणं आणि नळीतून भरवणं त्यांना वॉर्डात असतानाच शिकवता येतं.