घरभेटीत दारूबद्दल विचारताना: माप, गुण आणि पहिले चार दिवस

घरभेटीला गेलेल्या आरोग्य कार्यकर्त्याने «दारू किती घेता?» असं विचारलं की «थोडीशीच» हे उत्तर बहुतेक घरांत मिळतं. ते खोटं असेलच असं नाही. बहुतेकांनी कधी मोजलेलीच नसते. गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडण्याच्या वाड्यांवर फेणी पुष्कळदा कॅनमधून थेट चहाच्या ग्लासात ओतली जाते, आणि त्या ग्लासावर रेघ नसते.

म्हणून ग्लास मागा. «काका, रोजचा ग्लास दाखवता? रोज भरता तेवढं पाणी ओता.» ते पाणी मिलीलिटरच्या खुणा असलेल्या औषधाच्या कपाने मोजा. मग हिशेब सोपा आहे: मिली गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. उत्तर अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये येतं आणि १० ग्रॅमचं एक माप धरायचं. ४२.८ टक्क्यांचा ६० मिलीचा पेग म्हणजे दोन मापं. १८० मिलीची क्वार्टर सहा मापांची. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली चार मापांची. «मी फक्त बिअर घेतो» म्हणणाऱ्याला हे कागदावर मांडून दाखवा. सुट्या फेणीवर लेबल नसतं, तेव्हा आकडा अंदाजाचा आहे अशी नोंद करा.

हंगामही विचारा. मार्च ते मे काजूच्या दिवसांत हुराक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू, मोठमोठ्या ग्लासांनी घेतली जाते. श्रावणात नि चवथीच्या आसपास तोच माणूस थेंबही घेत नाही. ऑगस्टमधल्या भेटीत फक्त «हल्ली किती?» विचारलंत तर चित्र फसवं येतं.

यानंतर ऑडिट ही दारूची सवय तपासणारी जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली वापरा. प्रश्न १०, एकूण गुण ४०. पहिले तीन किती आणि कितीदा याबद्दल आहेत. रोज एक क्वार्टर घेणाऱ्याचे त्या तिघांतच १० गुण होतात (४, २, ४). ७ पर्यंत माहिती द्यावी, ८ ते १५ ला थोडक्यात सल्ला, १६ ते १९ ला समुपदेशन आणि पाठपुरावा, २० पासून पुढे डॉक्टर. समुपदेशन डॉक्टरच करू शकतात असं नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत ते केलं आणि त्याचा फायदा झाला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. भेट सकाळी ठेवा. प्यालेल्या माणसाकडून भरून घेतलेली प्रश्नावली फाडून टाकावी लागते.

सगळ्यात गंभीर चूक इथून पुढे होते. रोज भरपूर पिणाऱ्याला कार्यकर्ता कळकळीने सांगतो, «आजपासून बंद करा.» किंवा घरचे देवळात प्रसाद लावतात, शपथ घेतली जाते आणि ग्लास त्याच दिवशी सुटतो. श्रद्धेला हात लावायचं कारण नाही. पण वर्षानुवर्षं दारूला सरावलेला मेंदू ती एकाएकी थांबली की उसळतो. शेवटच्या ग्लासानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना ताप, भ्रम, नसलेली माणसं नि किडे दिसणं सुरू होतं. यात जीव जाऊ शकतो. घरच्यांना मात्र देवचाराची बाधा वाटते, आणि घाड्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जाण्यात मोलाचे तास निघून जातात.

त्यामुळे सल्ला देण्याआधी तीन गोष्टी विचारा: सकाळी उठल्यावर हात थरथरू नयेत म्हणून घ्यावी लागते का, आधी कधी बंद केली तेव्हा फिट आली होती का, शेवटचा ग्लास किती वाजता घेतला. पहिल्या दोहोंपैकी एकाचं उत्तर हो असेल तर गुण कितीही असोत, डॉक्टरांनी तपासेपर्यंत एकदम बंद करायला सांगू नका. आधीच बंद केली असेल आणि थरथर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. फिट आली किंवा माणूस भ्रमात बोलू लागला तर १०८. फिट चालू असताना कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल, लोखंड यांचा उपयोग नाही.

आणखी एक विचारा, हळूच: जेवणात काही मिसळता का? दारू सोडवण्याच्या नावाने मिळणाऱ्या गोळ्या किंवा पूड बायका नवऱ्याच्या आमटीत घालतात. गोळी डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधाची असेल आणि वर दारू गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरू शकतो. वहिनींवर रागावू नका. त्या हताश झालेल्या असतात. हे धोक्याचं का आहे ते समजावून ती थांबवायला सांगा.

वहिनींशी एकांतात बोलणं तसंही आवश्यक आहे. मारहाण होते का, मुलांवर हात उगारतो का, हे नवऱ्यासमोर विचारलं तर रात्री त्याची किंमत तिला मोजावी लागते. १८१ हा महिला मदत क्रमांक तोंडी सांगा. घरी कागद सापडला तर वाद होतो. «जगू नये असं वाटतं का?» हा प्रश्न दोघांनाही, वेगवेगळा आणि सरळ शब्दांत. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. होकार आला तर माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक तिथेच लावून द्या, तातडी असेल तर बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पोहोचवा.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ दारूशी निगडित मानसिक अवस्थाही आपल्या कक्षेत घेतो, आणि उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क देतो. पंचांनी विचारलं तरी सांगायचं नाही. वहीत तारीख, ग्लासाचं माप, ऑडिटचे गुण, शेवटच्या ग्लासाची वेळ आणि पुढच्या भेटीचा दिवस लिहा. तो दिवस आठवड्याच्या आतला असावा, आणि दारू नुकतीच बंद केली असेल तर दुसऱ्याच दिवशीचा.